थोडीशी इकडं, मंग सोडाची

आधी बॅटरीची काळी वायर काढायची, दहाच्या पान्यानं.
हे मला ठाऊक होतं.
तरी नागभीडहून पुंडलिक मिस्त्रीनं फोनवर दोनदा सांगितलं,
मी बाई म्हणून.

सांदवाडीत सीताफळाखाली गाडी,
अठ्ठ्याण्णवची मारुती, पांढरी म्हणायची,
स्टिअरिंगच्या खाली मी उताणी, पाय दारातून बाहेर,
आणि बाबा बाजेवर,
तोंडातला खर्रा चघळायचं विसरून.

बावीस वर्षं ही चावी एकट्या त्यांनाच वळली.
दुसऱ्या कुणाच्या हातात अर्धी फिरायची
नि चाक डाव्या अंगाला जाम.
जोर नाही लावाचा वं, बाबा म्हणत,
थोडीशी इकडं, मंग सोडाची.
इकडं म्हणजे कुठं, किती,
ते ना आईला कळलं, ना मला.
म्हणून रात्री दीडला कुणाच्या सुनेला कळा लागल्या
की लोक गाडी मागायला येत नसत.
डोमाजीले उठवा, म्हणत.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यापर्यंत किती जणी पोचल्या
ते मागच्या सीटला विचारावं.
एकीचा पोचायच्या आतच झाला, किटाळीच्या फाट्यावर.
त्याचं नाव मारोती ठेवलं, देवाचं की गाडीचं
कुणी विचारलं नाही.
तोच आज खिडकीतून टॉर्च धरून उभा,
मिशी फुटलेला,
आणि उजेड पाडतो नेमका माझ्या डोळ्यांवर.

मागच्या बुधवारी, बाजाराच्या गर्दीत, धानाच्या गिरणीसमोर
चावीनं बाबांचंही ऐकलं नाही.
पाऊण तास. मागं बैलबंडी, मागं ट्रॅक्टर, हॉर्न.
चावी झिजली, बाबा म्हणाले.
हात थरथरत होता ताई, मारोती म्हणाला, हळूच.
मी चावी झिजली असं धरलं
आणि नागपूरहून नवं लॉक मागवलं.

खालचं प्लास्टिक निघालं, धूळ, एक मेलेली गांधीलमाशी,
आईची हरवलेली टिकली.
मग ते दोन बोल्ट.
डोकीच नाहीत त्यांना.
कंपनीत आवळता आवळता तुटावीत अशीच बनवलेली,
म्हणजे ज्यानं बसवलं त्यालाही पुन्हा काढता येऊ नये.
छन्नी तिरपी धरून उलटं ठोकत राहिले,
टुक, टुक, शेजारची कोंबडी दचकून परत यायची,
अर्ध्या तासानं बोल्ट केसभर हलला.
हलला, मी ओरडले.
बाबांनी मान वळवली, सीताफळाकडे.

जुनं लॉक हातात आलं तेव्हा कोमट होतं.
नवं बसवलं. वायरीचं सॉकेट टक्कन लागलं.
पहिला बोल्ट आवळला, डोकं तुटून मांडीवर पडलं.
दुसरा आवळला,
आणि डोकं तुटायच्या जरासा आधी थांबले.
असू दे.
कुणाला तरी पुन्हा काढावं लागेल.

काळी वायर लावली. मारोतीनं चावी फिरवली.
एका झटक्यात.
गाडी अशी सुरू झाली जशी कुणाचीही गाडी होते.
बापा, आता तं मी बी नेऊ शकतो, तो म्हणाला,
आणि मग त्यालाच कसंसं झालं, टॉर्च विझवायला लागला.

बाबा उठले. लुंगी सावरली. बंद कर म्हणाले.
आत बसले, आरसा नीट केला, जो नीटच होता,
नवी चावी बोटांत धरून
डोळे मिटून, थोडीशी इकडं,
मंग सोडली.
इंजिन लागलं.

पायलं? म्हणाले. ऐकते अजून.

मी हात पुसत होते, ग्रीस नखांत गेलेलं.
दाराची चावी जुनीच राहिली, स्टार्टरची नवी,
दोन्ही एकाच कडीत अडकवून
त्यांच्या खिशात टाकल्या.
होय बाबा, म्हटलं,
जोर नाही लावाचा.